धुणं धुणाऱ्या आईची लेक आणि पै-पैची बँक



विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका निघते आहे, तुम्हीही चार शब्द लिहा, असा आग्रह संपादक मंडळाने धरला. मी काही लेखक नाही. गिरणीच्या साचेखात्यात उमेदवारी केलेला माणूस. शाळा अर्धी राहिली, ती पुढे रात्रपाळी करून वाचनालयात बसून जमेल तशी पुरी केली. त्यामुळे पंडिती लिहिणे मला येत नाही. पण एका आईची हकीकत कित्येक वर्षे माझ्या मनात घोळते आहे. ती आपल्या जातीची नाही, देशाचीही नाही. तरी वाचून झाल्यावर आपली वाटते की नाही, ते तुम्हीच सांगा.

ही बाई अमेरिकेतली. नाव मॅगी लीना वॉकर. गाव व्हर्जिनिया राज्यातले रिचमंड शहर. काळ्या लोकांच्या एका लॉजची तिने आयुष्यभर सेवा केली.

आता लॉज म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे राहायचे-जेवायचे हॉटेल येते. तिकडे लॉज म्हणजे बंधुमंडळ. आपल्या गावकीचे मुंबई मंडळ आठवा. दर महिन्याला वर्गणी, एक पत्र्याची पेटी, एक वही, कुणी आजारी पडले तर मदत, मयत झाली तर खांदा द्यायला आणि खर्चाला सगळे हजर. त्यांचे असेच होते. फरक एवढाच, की त्यांच्या सभांना खास पट्टे, बिल्ले, शपथा आणि परवलीचे शब्द असत. गोऱ्यांच्या लॉजमध्ये काळ्यांना प्रवेश नव्हता, म्हणून त्यांनी स्वतःची लॉजे काढली. नावे ख्रिस्ती संतांची, प्रार्थना ख्रिस्ती. आपला मार्ग वेगळा. पण भूक, आजार आणि मरण यांना धर्म नसतो.

अशा मंडळांची गरज का पडली? अमेरिकेत गुलामगिरी 1865 साली कायद्याने संपली. बेड्या तुटल्या, पण हातात काय होते? ना जमीन, ना भांडवल. त्याच वर्षी मुक्त झालेल्या लोकांसाठी फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक सुरू झाली. गरिबांनी विश्वासाने पैसा पैसा ठेवला. 1874 मध्ये ती बुडाली. साठ हजारांवर खातेदारांचे जवळजवळ तीस लाख डॉलर अडकले. विम्याची तीच गत. 1881 मध्ये एका मोठ्या विमा कंपनीने ठरवले की, काळ्या माणसाकडून हप्ता गोऱ्याइतकाच घ्यायचा, पण मेल्यावर रक्कम एक तृतीयांशाने कमी द्यायची. म्हणजे मेल्यावरसुद्धा भेदभाव! मसणवट्यातही शिवाशिव पाळणारा समाज आपण पाहिला आहे, तेव्हा आपल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

अशा दिवसांत, 1867 साली, बाल्टिमोर शहरात मेरी प्राउट नावाच्या काळ्या बाईने सेंट ल्यूकच्या नावाने एक मंडळ सुरू केले. सुरुवातीला ते बायकांसाठी होते. आजारपणात मदत आणि मरणानंतर सन्मानाने माती, एवढेच त्याचे उद्दिष्ट. पुढे त्यातून 'इंडिपेंडंट ऑर्डर ऑफ सेंट ल्यूक' ही वेगळी संस्था झाली आणि तिचे मुख्य ठाणे रिचमंडला आले. म्हणजे पाया बाईने घातलेला होता, हे ध्यानात ठेवा.

मॅगीचा जन्म 15 जुलै 1864 चा. आई एलिझाबेथ ही पूर्वीची गुलाम. एलिझाबेथ व्हॅन ल्यू या गोऱ्या बाईच्या वाड्यावर ती स्वयंपाकघरात काम करी. ही व्हॅन ल्यू गुलामगिरीच्या विरोधात होती आणि यादवी युद्धात तिने उत्तरेकडच्या सरकारसाठी हेरगिरी केली होती. मॅगीचे वडील गोरे. काळ्या-गोऱ्यांचे लग्न तेव्हा तिथल्या कायद्याला मंजूर नव्हते. पुढे आईने विल्यम मिचेल या काळ्या नोकरमाणसाशी लग्न केले, एक मुलगा झाला, गल्लीत छोटे घर घेतले. 1876 मध्ये या मिचेलचे प्रेत नदीत सापडले. सरकारी कागदावर आत्महत्या लागली. घरच्यांचे म्हणणे होते की, त्याला मारून टाकले.

आता घरात दोन पोरे आणि कमावता माणूस गेलेला. एलिझाबेथबाईने गोऱ्यांचे कपडे धुवायला घेतले. मॅगी शाळा सांभाळून मळक्या कपड्यांची गाठोडी आणायची, धुतलेले कपडे टोपलीत घालून पोचवायची, धाकट्या भावाला बघायची. मोठेपणी सभेत ती सांगायची की, मी चांदीचा चमचा तोंडात घेऊन जन्मले नाही, डोक्यावर धुण्याची टोपली घेऊन वाढले. ही गोष्ट तिने कधी लपवली नाही. आपल्यात थोडी बरी नोकरी लागली की आईचे धुण्याभांड्याचे काम सांगायची लाज वाटणारे पुष्कळ आहेत. मीही त्यातलाच होतो. त्याबद्दल शेवटी सांगतो.

शाळेत असतानाच मॅगी सेंट ल्यूकच्या स्थानिक शाखेची सभासद झाली. काम काय, तर आजारी सभासदांच्या घरी जायचे, वर्गणी गोळा करायची, वहीत लिहायची. अंगात बंड मात्र तेव्हापासून होते. 1883 मध्ये तिच्या वर्गाचा पदवीदान समारंभ आला. गोऱ्या मुलांचा समारंभ शहराच्या नाट्यगृहात आणि काळ्या मुलांचा चर्चमध्ये, अशी रीत होती. आमच्या आईबापांनीही कर भरला आहे, असे म्हणून मॅगी आणि तिच्या वर्गाने चर्चमध्ये जायला साफ नकार दिला. नाट्यगृह काही मिळाले नाही. शेवटी समारंभ त्यांच्या शाळेतच झाला. पण विद्यार्थ्यांनी ताठ मानेने केलेला हा निषेध शहराने पाहिला.

त्यानंतर ती मास्तरीण झाली. 1886 मध्ये आर्मस्टेड वॉकर या विटांच्या बांधकामातल्या ठेकेदाराशी लग्न झाले आणि नोकरी सुटली, कारण लग्न झालेल्या बाईने शिकवायचे नाही असा नियम होता. तीन मुले झाली, त्यातले एक तान्हेपणीच गेले. पुढे एक मुलगी दत्तक घेतली. घर, मुले, म्हातारी आई, आणि मंडळ. मॅगीबाईंनी यातले काहीच सोडले नाही. 1895 मध्ये त्यांच्या सूचनेने मंडळाचा बालविभाग सुरू झाला. या मुलांना पैसे साठवायला छोट्या पेट्या द्यायच्या. शंभर पेनी, म्हणजे एक डॉलर जमला की खाते काढायचे, अशी सवय पुढे त्यांना लावली गेली. मुलाला खाऊ देताना आई शिस्तही देते, त्यातला हा प्रकार.

मग 1899 साल उजाडले. मंडळ मोडकळीला आले होते. तिजोरीत रोख रक्कम किती? 31 डॉलर आणि 61 सेंट! वर चारशे डॉलरची देणी. अशा वेळी सचिवपद कोण घेणार? मॅगीबाईंनी घेतले, आणि आधीच्या सचिवापेक्षा कमी पगारावर घेतले. तेव्हापासून मरेपर्यंत पस्तीस वर्षे त्या सचिव राहिल्या.

या पस्तीस वर्षांत काय केले, ते क्रमाने सांगतो. 1902 मध्ये 'सेंट ल्यूक हेरल्ड' हे वृत्तपत्र काढले. गोरे जमाव काळ्या माणसांना झाडाला टांगून मारत, त्याविरुद्ध त्यात उघड लिहिले जाई. 2 नोव्हेंबर 1903 रोजी 'सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक' उघडली. पेनी म्हणजे पै. नावातच पै! अमेरिकेत बँकेची सनद मिळवून ती चालवणारी ही पहिली काळी स्त्री. उघडण्याच्या दिवशी लोकांची रांग लागली. ठेवी आणि भागभांडवल मिळून नऊ हजारांवर डॉलर जमा झाले. त्यात एक खाते फक्त 31 सेंटचे होते. त्या 31 सेंटवाल्याला कुणी हसले नाही. गोऱ्यांच्या बँकेत ज्याला दारवान आत घेतला नसता, त्याच्या नावाचे पान इथल्या खातेवहीत निघाले. धुणे धुणाऱ्या, घरकाम करणाऱ्या, तंबाखूच्या कारखान्यांत राबणाऱ्या बाया ही या बँकेची खरी ताकद. त्यांच्याच पैशातून त्यांच्याच माणसांना घरासाठी कर्जे मिळाली. 1920 पर्यंत सहाशेहून जास्त कुटुंबांना या बँकेने घरासाठी हात दिला. भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या घरात जाणे म्हणजे काय, हे चाळीतल्या माणसाला विचारा.

1904 मध्ये रिचमंडच्या ट्राम कंपनीने काळ्यांना वेगळे बसवायला सुरुवात केली. मॅगीबाई आणि 'रिचमंड प्लॅनेट' या पत्राचे संपादक जॉन मिचेल यांनी बहिष्काराची हाक दिली. लोक पायी चालले. त्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीत गेली. पण भेदभाव काही त्यामुळे मेला नाही. 1906 मध्ये राज्यानेच कायदा करून वेगळ्या जागा सक्तीच्या केल्या. लढा जिंकला आणि कायद्याने हिसकावून घेतला, असे आपल्याही इतिहासात झालेले नाही का?

सगळेच यशस्वी झाले असे सांगितले तर ते खोटे होईल. 1905 मध्ये मॅगीबाईंनी ब्रॉड स्ट्रीटवर 'सेंट ल्यूक एम्पोरियम' नावाचे मोठे दुकान काढले. काळ्या मुलींना विक्रेत्या म्हणून इज्जतीचे काम मिळावे आणि आपल्या लोकांना अपमान न गिळता खरेदी करता यावी, हा हेतू. गोरे व्यापारी एकवटले, घाऊक माल देणाऱ्यांवर दबाव आणला. त्याहून वाईट म्हणजे आपलेच लोक पुरेसे आले नाहीत, गोऱ्यांच्याच दुकानात जात राहिले. 1906 मध्ये मॅगीबाईंनी फक्त पुरुषांसाठी सभा घेतली आणि त्यांना खडसावले की, वंशद्वेषाचा सिंह आपल्याच पैशावर पोसला जातो आहे, त्याला तुम्हीच खाऊ घालता. तरी 1911 मध्ये दुकान बंद पडले.

याच सुमारास रिचमंडमध्ये आणखी एक मोठी घटना घडली. 'ट्रू रिफॉर्मर्स' नावाचे काळ्यांचे दुसरे बलाढ्य मंडळ होते. त्यांची बँक 1889 पासून चालू होती, मॅगीबाईंच्या बँकेपेक्षा जुनी आणि नावाजलेली. ती 1910 मध्ये बुडाली. विनातारण कर्जे, आपल्याच खात्यांना दिलेले पैसे, रोखपालाची अफरातफर. पाहता पाहता गरिबांची ठेव गेली. त्यानंतर सरकारी तपासणी कडक झाली. मंडळाच्या बँका मंडळापासून वेगळ्या करायला लावल्या. सेंट ल्यूकची बँक या तपासणीतून टिकली, कारण वही साफ होती. संस्था फक्त बाहेरच्या शत्रूने मरत नाही. हिशेब न ठेवणाऱ्या आपल्या माणसानेही मरते. मंडळाची वही कधी वेळेवर लिहिली जाते आणि कधी नाही, हे आपण सगळे जाणतो. मी जास्त बोलत नाही.

1915 मध्ये मॅगीबाईंच्या घरावर आभाळ कोसळले. रात्री घरात चोर शिरला आहे असे समजून थोरल्या मुलाने, रसेलने गोळी झाडली. ती लागली त्याच्या वडिलांना. नवरा गेला आणि मुलगा खुनाच्या खटल्यात उभा राहिला. तो निर्दोष सुटला. पण मंडळातल्या काही जणांनी हीच संधी साधून बाईंना पदावरून काढायचा घाट घातला. ज्या मंडळाला 31 डॉलरपासून उभे केले, तिथेच सभेत स्वतःची बाजू मांडावी लागली. त्या उभ्या राहिल्या, आणि सभासदांनी त्यांनाच ठेवले. 1922 मध्ये म्हातारी आई गेली, 1923 मध्ये रसेलही गेला.

1907 मध्ये पडून गुडघ्याला दुखापत झाली होती. ते दुखणे वाढत गेले आणि शेवटची वर्षे चाकाच्या खुर्चीत गेली. तरी काम थांबले नाही. घरात वर जायला पाळणा बसवून घेतला, मोटारीत खुर्ची ठेवता येईल अशी सोय करून घेतली आणि कचेरीत जात राहिल्या. 1924 च्या सुमारास मंडळाचे पन्नास हजारांवर सभासद आणि दीड हजार शाखा होत्या. पुढे जागतिक मंदी आली, मोठमोठ्या बँका कोसळल्या. मॅगीबाईंनी 1930-31 मध्ये शहरातल्या इतर काळ्या बँका आपल्या बँकेत जोडून घेतल्या. त्यातून झालेली 'कन्सॉलिडेटेड बँक अँड ट्रस्ट कंपनी' 2005 मध्ये दुसऱ्या कंपनीने विकत घेईपर्यंत काळ्यांच्याच हातात होती. 15 डिसेंबर 1934 रोजी मॅगीबाई गेल्या. मंडळही पुढे 1980 च्या दशकात संपले. पण रिचमंडच्या जॅक्सन वॉर्डमधले त्यांचे घर 1978 मध्ये राष्ट्रीय स्मारक झाले आणि 2017 मध्ये ब्रॉड स्ट्रीटवर त्यांचा पुतळा उभा राहिला. ज्या रस्त्यावर दुकान बंद पाडले गेले, त्याच रस्त्यावर!

काही जण विचारतील, हे सगळे विहाराच्या स्मरणिकेत कशाला? अहो, महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' लिहिली, ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. परमपूज्य बाबासाहेब 1913 ते 1916 न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकले. तेव्हा मॅगीबाईंची बँक जोरात चालू होती. 1946 मध्ये बाबासाहेबांनी काळ्यांचे विद्वान पुढारी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले. संयुक्त राष्ट्रांकडे काळ्यांनी केलेल्या अर्जाची प्रत मागितली आणि आपल्या दोघांच्या प्रश्नांत फार साम्य आहे असे कळवले. डुबॉइस ज्या संघटनेच्या संस्थापकांपैकी होते, तिच्या राष्ट्रीय मंडळावर मॅगीबाईंनी काम केले होते. तेव्हा हे नाते आजचे नाही.

आणि आपल्या बायकाही मागे नव्हत्या. 20 जुलै 1942 रोजी नागपूरला दलित महिलांची परिषद भरली, तिला हजारो बायका आल्या. कुणी शेतातून, कुणी गिरणीतून, कडेवर पोर घेऊन. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 1989 मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक काढले, म्हणून त्यातल्या काहींची नावे तरी उरली. बाकीच्यांची कुठे आहेत?

आता माझी गोष्ट. सांगायला जड जाते, पण सांगतो.

माझी आई चार घरची धुणीभांडी करायची. तिला अक्षर येत नव्हते. विहार व्हायचा होता तेव्हा दर महिन्याला ती आमच्या चाळीच्या तीन मजल्यांवर वर्गणीला फिरायची. वहीत तिची स्वतःची लिपी होती. उभी रेघ म्हणजे चार आणे, फुली म्हणजे आठ आणे. रात्री ती एकेक खोली आठवून सांगायची आणि मी शाळकरी पोरगा समोर नाव लिहायचो. हिशेब एकदाही चुकला नाही. कुणी दार लोटून घेतले, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जायची. म्हणायची, "अरे, पैसे नसतील त्याच्याकडं. दार कुणाला हौसेनं लावावं वाटतं का?"

विहार उभा राहिला. दाराशी संगमरवरी फरशी बसवायची ठरली. मी तेव्हा तरणा, सहचिटणीस, चार पुस्तके वाचलेला. फरशीवरची नावे मीच लिहून दिली. सोळा नावे. सगळी कार्यकारिणीतली, सगळी पुरुषांची. आईचे नाव घालावे असे माझ्या मनात आलेच नाही. भाषणात मी समतेवर बोललो! आई मागे बसली होती, बाकीच्या बायांबरोबर, चहाची भांडी विसळत. फरशीचा पडदा उघडल्यावर तिने मला विचारले, "काय लिव्हलंय रं?" मी सोळा नावे वाचून दाखवली. ती म्हणाली, "छान झालं." एवढंच. आई जाऊन बरीच वर्षे झाली. तिचे ते "छान झालं" अजून माझ्या कानात आहे.

मॅगीबाईंची हकीकत वाचली तेव्हा मला पहिल्यांदा उमगले की, माझी आई जे करत होती त्याला इतिहास म्हणतात. विहार भाषणांवर उभा राहिला नाही, तो त्या रेघांवर आणि फुल्यांवर उभा राहिला.

म्हणून माझी एक विनंती आहे. फरशी बदला असे मी म्हणत नाही, सोळा जणांनीही घाम गाळला आहे. पण येत्या पौर्णिमेला विहारात एक कोरी वही ठेवू या. ज्याच्या-त्याच्या आईने, आजीने, मावशीने, शेजारणीने या विहारासाठी जे केले, ते त्यात लिहू या. वर्गणी गोळा केली, पाणी भरले, भंतेजींचे भोजन रांधले, मयताच्या घरी भाकरी पोचवली, जे काही असेल ते. नाव पूर्ण लिहा. नुसते 'अमक्याची आई' असे लिहू नका. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या शेजारी बसून मी लिहीन. लहानपणी ते काम मी केलेले आहे.

पहिले पान मी माझ्या आईचे लिहिणार आहे. एक उभी रेघ आणि एक फुली काढून.

नमो बुद्धाय! जयभीम!